महामारीत स्थानिक संस्थांचा आपत्कालीन निधी: पैसा कोणत्या वाटेने आला आणि कोठे अडला?

तळटीप (धागाकर्ता)

कोविडच्या दोन लाटांमध्ये चावडीपासून महापालिकेच्या सभागृहापर्यंत एकच तक्रार ऐकू येत होती, की निधी मंजूर झाल्याच्या बातम्या छापून येतात, पण प्रत्यक्ष खर्च करायला हातात पैसा नसतो. ही तक्रार खरी होती आणि निधी आला होता हेही खरे होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे समजून घेण्यासाठी मी कायदे, शासनाची पत्रे आणि वित्त आयोगाच्या शिफारशी वाचत आहे. माझे मत आधीच मांडतो: अडचण रकमेपेक्षा अधिकाराची होती. साथीला तोंड देण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवर पहिल्याच दिवशी येऊन पडली. खर्च मंजूर करण्याचा अधिकार मात्र तिच्यापर्यंत उशिरा आणि अर्धवट पोचला.

प्रथम पैशाच्या वाटा पाहू. १४ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देण्यापुरती कोविड-१९ ही अधिसूचित आपत्ती ठरवली. तोपर्यंत या निधीच्या यादीत पूर, दुष्काळ, भूकंप, चक्रीवादळ, गारपीट, दरड कोसळणे अशा आपत्ती होत्या, साथरोग नव्हता. मंजुरीबरोबर मर्यादाही आल्या. विलगीकरण, नमुने गोळा करणे आणि तपासणी यांवर निधीच्या वार्षिक तरतुदीच्या २५ टक्क्यांपर्यंत आणि उपकरणांवर १० टक्क्यांपर्यंतच खर्च करता येणार होता. ३ एप्रिल रोजी केंद्राने सर्व राज्यांना मिळून ११,०९२ कोटी रुपये आगाऊ दिले आणि त्यांतले १,६११ कोटी महाराष्ट्राच्या वाट्याला आले. पुढे २३ सप्टेंबर २०२० रोजी ३५ टक्क्यांची ही मर्यादा ५० टक्क्यांपर्यंत वाढवली गेली, म्हणजे पहिल्या लाटेने कळस गाठला तेव्हा.

हा निधी ग्रामपंचायतीच्या खात्यात येत नाही. तो राज्याच्या मदत व पुनर्वसन विभागाकडून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत येतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. ग्रामपंचायतीने मागणी करायची, तालुक्याने ती पुढे पाठवायची आणि जिल्ह्याने ठरवायचे, असा हा क्रम आहे. याच कायद्याच्या कलम ४८ मध्ये स्वतंत्र जिल्हा आपत्ती प्रतिसाद निधीची तरतूद आहे. हा निधी प्रत्येक जिल्ह्यात उभा असता, तर प्रत्येक मागणी वरपर्यंत जाऊन परत येण्याची वाट पाहावी लागली नसती.

दुसरी वाट वित्त आयोगाची. पंधराव्या वित्त आयोगाने २०२०-२१ साठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांना ६०,७५० कोटी रुपयांची शिफारस केली. महाराष्ट्रात हा पैसा ग्रामपंचायतीला ८०, पंचायत समितीला १० आणि जिल्हा परिषदेला १० टक्के या प्रमाणात वाटला जातो. हा पैसा मात्र थेट येतो. पण त्या वर्षी त्यातला निम्मा बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच राखीव. उरलेला अबंधित निधी गावाच्या गरजेप्रमाणे, पण वेतन आणि आस्थापना खर्च सोडून वापरायचा होता. तिसरी वाट स्वतःच्या उत्पन्नाची, म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी. टाळेबंदीत ही वसुलीच थांबली होती, त्यामुळे तिच्याबद्दल अधिक लिहीत नाही.

ज्यांनी या काळात प्रत्यक्ष कारभार पाहिला आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव लिहावा.

---

पाणंद

मी त्या काळात सरपंच होतो. गावाचे नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती माणसे आजही त्याच पदांवर आहेत.

मुंबई-पुण्याहून लोक परत येऊ लागले तेव्हा शाळेच्या खोल्यांत विलगीकरण कक्ष सुरू करा, असा निरोप तहसील कार्यालयातून आला. खोल्या होत्या, पण स्वच्छतागृहाचे दार मोडलेले होते, बल्ब नव्हते आणि गाद्या तर नव्हत्याच. ब्लीचिंग पावडर आणि फवारणीचा पंप बंधित निधीतून घेता आला, कारण ते स्वच्छतेत बसत होते. ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर कोणत्या शीर्षाखाली टाकायचे, हा प्रश्न ग्रामसेवकांनी तालुक्याला विचारला आणि तालुक्याने जिल्ह्याला. उत्तर येईपर्यंत कक्षातले पहिले लोक आपला मुक्काम संपवून घरी गेले होते. रात्री कक्षावर थांबायला एक माणूस हवा होता. त्याचे मानधन आस्थापना खर्च धरायचे की आपत्तीचा खर्च, यावर आम्हाला शेवटपर्यंत लेखी उत्तर मिळाले नाही.

आता देयकाची गोष्ट. पैसे काढण्यासाठी सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागत. आमचे ग्रामसेवक स्वतः बाधित झाले आणि त्यांची स्वाक्षरीची किल्ली त्यांच्या घरी, बंद खोलीतल्या कपाटात राहिली. त्यांच्याकडे आणखी दोन गावांचा कार्यभार होता, म्हणजे तिन्ही गावांचे देणे एका कपाटात अडकले. दुकानदाराने माझ्या शब्दावर गाद्या आणि बल्ब उधार दिले. अशी उधारी प्रत्येक सरपंचाला मिळत नाही. ज्याच्या घरी शेती आणि पत आहे त्यालाच ती मिळते. राखीव जागेवरून निवडून आलेल्या, मजुरी करणाऱ्या सरपंच ताईंनी त्या काळात काय केले असेल, याचा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

आणखी एक गोष्ट. आमच्या गावाला निधी मिळतो तो २०११ च्या जनगणनेप्रमाणे. त्या दोन महिन्यांत गावात राहणारी माणसे त्यापेक्षा कितीतरी जास्त होती. नोकरीसाठी बाहेर पडलेली अख्खी पिढी परत आली होती आणि निधीच्या गणितात ती कोठेच नव्हती.

---

लेखाशीर्ष

मी जिल्हा परिषदेच्या वित्त विभागातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो.

पाणंद यांचा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. राज्य वित्त आयोगाच्या स्वीकारलेल्या शिफारशी नसतील तेथे गावागावांतली वाटणी लोकसंख्येला ९० आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन देऊन करावी, असे पंधराव्या वित्त आयोगाने म्हटले आहे. रस्ते, पाणी यांसारख्या नेहमीच्या कामांसाठी हे सूत्र समजण्यासारखे आहे, कारण त्यात कोणाचा वशिला चालत नाही. साथीत मात्र वृद्धांचे प्रमाण किती, जवळचे रुग्णालय किती लांब, बाहेरून किती लोक आले, यांतली एकही गोष्ट या सूत्रात नाही. सूत्र न्याय्य असूनही परिस्थितीला आंधळे असू शकते.

परंतु बंधित निधीवरचा राग मला पूर्णपणे पटत नाही. बंधने काढली की पैसा कोठे जातो, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे: पेव्हर ब्लॉक, स्वागत कमानी आणि ज्या गल्लीत मते आहेत त्या गल्लीतले काँक्रीट. पाण्याच्या योजनेची दुरुस्ती कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही, म्हणून तिच्यासाठी पैसा राखून ठेवावा लागतो. साथीतही हात धुवायला पाणी लागतेच. बंधन असावे, फक्त आपत्ती घोषित झाल्यावर ते आपोआप किती सैल होईल हे आधीच लिहिलेले असावे.

खरेदीबद्दल एक कलम सगळ्यांनी वाचावे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम ५० सांगते, की तातडीची खरेदी आवश्यक असल्याची प्राधिकरणाची खात्री झाली, तर ते एखाद्या विभागाला तशी खरेदी करण्यास प्राधिकृत करू शकते, आणि मग निविदा मागवण्याची नेहमीची पद्धत शिथिल झाल्याचे मानले जाते. त्याच कलमात पुढे असे आहे, की नियंत्रक अधिकाऱ्याने वस्तूंच्या वापराबद्दल दिलेले प्रमाणपत्र हेच हिशेबासाठी वैध प्रमाणक मानले जाईल. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. तीन दरपत्रके लागत नाहीत आणि वस्तू वापरल्याचा पुरावा म्हणून एका अधिकाऱ्याची सही पुरते. पूर आला असताना होड्या मागवायच्या असतील, तर अशी मोकळीक हवीच. पूर काही दिवसांत ओसरतो; कोविड दोन वर्षे चालला. इतका दीर्घ काळ निविदेविना खरेदी चालली, तर ज्या नियमाने जीव वाचवायचे त्याच नियमाच्या आडोशाने दर फुगतात. माझ्यासमोर आलेल्या एका देयकात त्याच वस्तूचा दर शेजारच्या तालुक्यातल्या दराच्या दुप्पट होता. प्रमाणपत्र मात्र बिनचूक होते.

---

तळटीप

लेखाशीर्ष, कलम ५० नेमकेपणाने मांडल्याबद्दल आभार. त्यातला एक तपशील माझ्या मुद्द्याला धरून आहे. ही मोकळीक देण्याचा अधिकार राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा या तीन प्राधिकरणांनाच आहे. कलम ४१ मध्ये स्थानिक प्राधिकरणांची कर्तव्ये लिहिली आहेत, म्हणजे कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचे, साधनसामग्री सज्ज ठेवायची आणि बाधित क्षेत्रात मदतकार्य करायचे. पण कर्तव्यांच्या त्या यादीशेजारी स्वतः तातडीची खरेदी करण्याचा अधिकार नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी लेखी प्राधिकृत केले तर ग्रामपंचायत सुरक्षित राहते, आणि तसे झाले नाही तर पुढच्या लेखापरीक्षणात तोच खर्च आक्षेपाचा परिच्छेद बनून वसुली लागते. कोणता ग्रामसेवक ही जोखीम घेईल?

ओडिशात १९ एप्रिल २०२० रोजी सरपंचांना त्यांच्या हद्दीत जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार दिल्याची घोषणा झाली होती. तिचा भर बाहेरून परतणाऱ्यांच्या विलगीकरणावर होता. तरीही जबाबदारी जेथे असते तेथेच अधिकार असावा, ही जाणीव तीत दिसते.

महाराष्ट्रात त्या वर्षी आणखी एक गुंतागुंत होती. एप्रिल ते डिसेंबर २०२० या काळात १४,२३४ ग्रामपंचायतींच्या मुदती संपल्या आणि साथीमुळे निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. मतदान झाले ते १५ जानेवारी २०२१ रोजी. दरम्यान तेथे प्रशासक होते. गर्दी नको म्हणून ग्रामसभाही थांबल्या होत्या. निवडून आलेले मंडळ नाही, ग्रामसभा नाही, आणि निधी खर्च करायचा तर गावाच्या विकास आराखड्यात बदल हवा, अशा स्थितीत निर्णय घेणारी व्यक्ती एकच उरते. त्या प्रशासकांपैकी अनेकांनी मनापासून काम केले असेल. पण गावाने त्यांना प्रश्न विचारायचा तर कोठे?

---

दुसरा मजला

चर्चा गावांबद्दल चालली आहे, म्हणून शहराची बाजू थोडक्यात मांडतो. महापालिकांमध्ये अधिकाराचा प्रश्न नव्हता. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७(३)(क) प्रमाणे मानवी जीविताला धोका असताना आयुक्त तातडीची कार्यवाही करू शकतात. अंदाजपत्रकात नसलेला खर्चही त्यात येतो. अट इतकीच, की केलेली कार्यवाही, तिची कारणे आणि खर्च त्यांनी स्थायी समितीला आणि महापालिकेला ताबडतोब कळवावा. अडचण या शेवटच्या अटीपाशी आहे. सभा होत नव्हत्या, झाल्या तर दूरदृश्य पद्धतीने, आणि कार्योत्तर मंजुरीचे विषय एकगठ्ठा पटलावर येत.

मुंबईला वेगळा कायदा आहे, पण तेथला अनुभव सर्वांना उपयोगी पडेल. राज्य शासनाच्या विनंतीवरून भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी मुंबई महापालिकेच्या सुमारे १२,००० कोटी रुपयांच्या कामांची तपासणी केली आणि तो अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. त्यांतल्या कोविडशी संबंधित सुमारे ३,५०० कोटींच्या खर्चाची कागदपत्रे मात्र तपासणीसाठी देण्यात आली नाहीत, आणि त्यासाठी साथरोग कायदा, १८९७ व आपत्ती व्यवस्थापन कायदा यांचा आधार सांगितला गेला. साथरोग कायद्यातले संरक्षण सद्भावनेने केलेल्या कृतीला आहे. हिशेब दाखवण्यापासून सूट, असा त्याचा अर्थ लावला जाऊ लागला, तर पुढच्या साथीत लोक कर भरतानाही शंका घेतील.

---

सुमेधा

आपण सर्वांनी संस्थांना मिळालेल्या पैशाबद्दल लिहिले आहे. मी माणसांना मिळालेल्या पैशाबद्दल लिहिते, कारण त्या निधीचा शेवट खरे तर तेथे व्हायचा असतो.

तळटीप यांनी उल्लेखलेल्या १४ मार्च २०२० च्या पत्राच्या पहिल्या आवृत्तीत मृतांच्या वारसांना ४ लाख रुपयांच्या मदतीचा उल्लेख होता. त्याच दिवशी सुधारित पत्र निघाले आणि ती तरतूद गेली. पुढे ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अशा सानुग्रह मदतीची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर बंधनकारक आहे. त्यानंतर ११ सप्टेंबर २०२१ रोजी ५०,००० रुपये ही रक्कम ठरली, आणि ती राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतूनच द्यायची होती. म्हणजे ज्या हंडीतून विलगीकरण कक्ष चालवायचे, तिच्यातूनच वारसांना मदत.

मी आमच्या भागातील काही कुटुंबांचे अर्ज भरायला मदत करत असे. एका ताईंचे यजमान घरीच विलगीकरणात असताना गेले. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिले होते हृदयक्रिया बंद पडणे. तपासणीनंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू कोविडचा धरावा, असा नियम होता आणि त्या त्यात बसत होत्या, पण तपासणीचा अहवाल यजमानांच्या फोनवर आला होता आणि तो फोन कुलूपबंद होता. प्रयोगशाळेने जुना अहवाल पुन्हा द्यायला टाळाटाळ केली. अखेरीस जिल्हा तक्रार निवारण समितीसमोर, त्यांच्या शेजारणीच्या वहीवरून काम झाले. त्या आशा सेविका होत्या आणि त्यांनी घरोघरी फिरून ऑक्सिजन आणि तापाच्या नोंदी तारीखवार लिहून ठेवल्या होत्या. ज्या सेविकांना या कामासाठी महिन्याला १,००० रुपयांचा जादा मोबदला ठरला होता, त्यांच्या वहीमुळे एका घराला ५०,००० रुपये मिळाले. समितीतल्या अधिकाऱ्यांनी ती वही पुरावा म्हणून स्वीकारली, हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्यांनी नाही म्हटले असते तर ते नियमात बसले असते.

त्यानंतर २४ मार्च २०२२ रोजी न्यायालयाने अर्जांना मुदत घातली आणि खोट्या दाव्यांच्या तक्रारींवरून महाराष्ट्रासह चार राज्यांतले ५ टक्के अर्ज तपासण्यास परवानगी दिली. तपासणी आवश्यकच होती. पण ज्यांनी कागदाअभावी अर्जच केला नाही, त्यांची मोजणी कोणत्याही तपासणीत होत नाही.

---

लेखाशीर्ष

सुमेधाताई, आपण सांगितलेली वही हा लेखापरीक्षणाच्या भाषेत सर्वोत्तम पुरावा आहे: त्याच वेळी, त्याच ठिकाणी, कामाच्या ओघात केलेली नोंद.

एक भर घालतो. दुसऱ्या लाटेत केंद्राने मे २०२१ मध्ये अबंधित निधीचा ८,९२३.८ कोटींचा हप्ता २५ राज्यांना ठरल्या वेळेच्या एक महिना आधी दिला आणि लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर टाकण्याची अट त्यापुरती शिथिल केली. पैसा लवकर आला, हे चांगलेच झाले. पण सूट कोणत्या अटीला मिळाली हेही पाहावे. घाईत पहिला बळी हिशेब उघड करण्याच्या अटीचा जातो. सही-शिक्क्याच्या अटी तशाच राहतात.

याउलट ज्या वाटा लवचीक म्हणून ओळखल्या जात, त्या नेमक्या त्या काळात आटल्या. खासदार स्थानिक विकास निधी ६ एप्रिल २०२० रोजी दोन वर्षांसाठी स्थगित झाला. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा पीएम केअर्सला किंवा राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिला तर तो कायद्यात बसत होता. मुख्यमंत्री सहायता निधीला दिला तर बसत नव्हता. पैशाचा ओघ वर गेला, तो खाली यायला वेळ लागला. पुढच्या पाच वर्षांसाठी, म्हणजे २०२१ ते २०२६ या काळासाठी, पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७०,०५१ कोटींची शिफारस केली. तो साथीतून घेतलेला बोध आहे, पण हा निधी प्राथमिक आरोग्याच्या कायम सुविधांसाठी आहे. उद्या रात्री गाद्या लागल्या तर तो कामाचा नाही.

---

पाणंद

सगळे वाचले. मी आता सदस्यही नाही, पण ग्रामसभेत बोलण्याचा हक्क आहे. येत्या अर्थसंकल्पाआधी काय मागावे, ते मला ठरावाच्या भाषेत कोणी लिहून द्याल का? शासनाने कायदा बदलावा, असे ठराव आम्ही पुष्कळ केले. ते फायलीत जातात. ग्रामपंचायतीला आजच्या नियमांत करता येईल तेवढेच हवे आहे.

---

तळटीप

पाणंद, मसुदा देतो. रकमा आणि टक्केवारी गावाने ठरवावी.

"ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून दरवर्षी अर्थसंकल्पात 'आपत्ती तातडीचा खर्च' या नावाने स्वतंत्र तरतूद करण्यात यावी. जिल्हा प्राधिकरणाने आपत्ती घोषित केल्यास ही तरतूद अंथरूण, दिवाबत्ती, पाणी, तपासणीची साधी उपकरणे, रुग्णवाहतूक आणि रात्रपाळीच्या मदतनिसाचे मानधन यांवर खर्च करण्यास ही सभा आगाऊ मान्यता देत आहे. या वस्तूंचे दर प्रतिवर्षी एप्रिलमध्ये मागवून सूचनाफलकावर लावण्यात यावेत. सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) उपलब्ध नसल्यास त्यांच्या जागी कोण काम पाहील आणि त्यांच्या स्वाक्षरीची व्यवस्था कशी होईल, हे पंचायत समितीकडून आधीच लेखी घेण्यात यावे. प्रत्येक खर्चाची नोंद पंधरा दिवसांच्या आत फलकावर लावण्यात यावी. ग्रामसभा भरू शकत नसल्यास प्रभागवार पाच-पाच जणांना ती नोंद दाखवून त्यांच्या स्वाक्षऱ्या घेण्यात याव्यात."

ठरावाबरोबर मागच्या वेळचा हिशेबही मागावा. माहिती अधिकाराच्या अर्जात महाराष्ट्रात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून 'कोविडचा सर्व खर्च' असे मोघम लिहू नये. त्या दोन आर्थिक वर्षांच्या सामान्य रोकडवहीची आणि साठा नोंदवहीची प्रत मागितली, तर काय विकत घेतले आणि ते आज कोठे आहे, हे दोन्ही कळते.

---

लेखाशीर्ष

मसुद्यात एक दुरुस्ती सुचवतो. 'जिल्हा प्राधिकरणाने आपत्ती घोषित केल्यास' या शब्दांऐवजी 'केंद्र किंवा राज्य शासनाने अधिसूचित केल्यास, अथवा जिल्हा प्राधिकरणाने लेखी आदेश दिल्यास' असे लिहावे, म्हणजे २०२० सारखी अधिसूचना दिल्लीतून निघाली तरी गावाला दुसऱ्या आदेशाची वाट पाहावी लागणार नाही. आणि मदतनिसाच्या मानधनापुढे 'तात्पुरत्या स्वरूपात, आपत्ती कालावधीपुरते' हे शब्द अवश्य घालावेत. ते नसतील, तर लेखापरीक्षक तो खर्च आस्थापनेत धरतील आणि पाणंद यांना जे उत्तर तेव्हा मिळाले नाही, ते नंतरच्या सरपंचांनाही मिळणार नाही.